ब्लेझर घेताना आधी खांदा पाहावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीचे लग्न लागले की नवा ब्लेझर 'जरा ऑल्टर' करून मागणाऱ्यांची आमच्या दुकानात रीघ लागते. तीस-बत्तीस वर्षे कोट बेतण्या-शिवण्यात गेल्यामुळे या गिऱ्हाइकांच्या तक्रारी मला पाठ झाल्या आहेत. बहुतेकांची चूक एकच असते, ती म्हणजे त्यांनी छातीचे माप पाहिलेले असते, खांदा पाहिलेला नसतो.

बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, आणि शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, सोडलेली असेल तर थोडी सैलही करता येते. परंतु खांदा उतरत असेल, तर बाही उसवून, पॅड काढून, मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो गोल भाग, नव्याने कापावा लागतो आणि इतके करूनही कोटाची मूळची बसणी परत येत नाही. म्हणून आरशासमोर छाती फुगवून उभे न राहता हात सैल सोडावेत आणि आपले खांद्याचे हाड जिथे संपते तिथेच बाहीची शिवण येते का, हे बोटांनी चाचपून पाहावे. हाडाच्या पुढे नुसते पॅड हाताला लागले तर माप मोठे आहे. शिवणीखाली दंडाचा फुगवटा दिसला तर लहान. मानेमागे कोटाची कॉलर शर्टाला टेकते की नाही, हे मात्र सोबतच्या माणसाला विचारावे, कारण ते आपले आपल्याला दिसत नाही.

सूटमधला कोट वेगळ्या पँटवर चढवला म्हणजे ब्लेझर होतो, हाही एक गैरसमज. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजमधील, १८२५ साली स्थापन झालेल्या लेडी मार्गारेट बोट क्लबच्या वल्हेकऱ्यांच्या भडक लाल कोटांवरून ('ब्लेझ' म्हणजे धगधगणे) हे नाव रूढ झाल्याचे सांगतात. कसोटी क्रिकेटचे कर्णधार नाणेफेकीला आजही ब्लेझर घालून येतात. मुळातच हा सुटा कोट असल्याने त्याची बटणे उठून दिसणारी, बहुधा धातूची असतात आणि पँट निराळ्या रंगाची शोभते. गडद निळ्यावर राखाडी पँट कधीच चुकत नाही. 'जवळजवळ मॅचिंग' निळी पँट मात्र हमखास चुकते.

कापड पॉलिएस्टरचे असेल तर आपल्या हवेत तासाभरात पाठ भिजते. सुटसुटीत विणीचे हलके लोकरी कापड आणि पाठीला अर्धेच अस्तर, हे महाग पडले तरी अंगाला सोसते.

दोन बटणांच्या ब्लेझरचे खालचे बटण लावू नये, कारण पुढचा घेर ते उघडे राहील असाच कापलेला असतो. लावले की कोट कमरेवर ओढला जातो. बसताना वरचेही सोडावे.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नात नवरदेवाच्या भावाचा ब्लेझर अगदी बेतशीर बसला होता, पण पाठीमागे खालच्या कडेला असलेल्या उभ्या कटवर फुलीचा पांढरा कच्चा टाका तसाच आणि डाव्या बाहीवर कंपनीची पट्टी. तो टाका दुकानात घडी मोडू नये म्हणून घातलेला असतो आणि घरी आल्यावर काढायचा असतो. माझ्या खिशात छोटी कात्री होती, तरी फोटो चालू असताना स्टेजवर चढण्याचे धाडस झाले नाही.

आपला,
एक शिंपी, सातारा