गृहनिर्माण मंत्री साहेब, घराच्या आधी आमची जागा नावावर करा

मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,

साहेब नमस्कार.

मी छत्रपती संभाजीनगरच्या एका गुंठेवारी वसाहतीत, म्हणजे मंजुरीशिवाय प्लॉट पाडून झालेल्या वस्तीत, राहते आणि तिथंच एक छोटं ऑनलाइन सेंटर चालवते. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, पोरांची शिष्यवृत्ती, असले फॉर्म भरून देते, घरकुलाचे पण भरते. त्या घरकुलाच्या फॉर्मबद्दलच लिहायलेय, कारण वर मंत्रालयात तो फॉर्म फक्त आकडा म्हणून पोहोचतो आणि इथं आमच्यासमोर माणूस बसलेला असतो.

फॉर्ममधी बाकी सगळं बसतं बगा. उत्पन्न ३ लाखाच्या आत आहे, देशात कुठंच पक्कं घर नाही, आधार आहे, बँकेत खातं आहे. मग जागेच्या कागदाचा रकाना येतो आणि तिथं गाडी थांबते. खरेदीखत पाहिजे, नाहीतर पीआर कार्ड म्हणजे शहरातल्या जागेचा सरकारी उतारा, नाहीतर पट्टा म्हणजे सरकारनं दिलेला जागेच्या हक्काचा कागद. आणि समोरच्या मावशीकडं असतो शंभर रुपयाचा बॉन्ड, नोटरीचा शिक्का मारलेला, त्याच्यावर लिहिलेलं की वीस बाय तीसचा प्लॉट अमुक माणसानं तमुक माणसाला दिला. त्या प्लॉटसाठी तिनं मंगळसूत्र मोडलेलं असतं, नवऱ्यानं गावाकडचं होतं नव्हतं ते विकलेलं असतं, पंधरा वीस वर्षं झाली ती त्याच पत्र्याखाली राहते, लाइटबिल तिच्या नावानं येतं, मतदान यादीत तिचं नाव आहे, आणि तरी सरकारच्या हिशोबानं ती जागा तिची नाही. म्हणजे ज्या बाईकडं घर नाही म्हणून योजना काढली तीच बाई योजनेत बसत नाही.

गुंठेवारी कशी झाली हे तुम्हाला माहीतच असेल पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. शहराच्या कडेला शेतकऱ्याची जमीन, प्लॉटिंगवाला येतो, एनए म्हणजे बिगरशेतीची परवानगी नाही, लेआउट मंजूर नाही, चुन्याच्या रेघा मारून पंधरा फुटाचे रस्ते सोडून प्लॉट विकून मोकळा होतो. जमिनीचे छोटे तुकडे करायला बंदी घालणाऱ्या तुकडेबंदीच्या कायद्यामुळं एवढ्या छोट्या तुकड्याची रजिस्ट्री होत नव्हती म्हणून सगळं बॉन्डवर. लोक काय हौसेनं घेत नव्हते. कंपनीत हेल्पर असलेला, सेंट्रिंगवर जाणारा, धुणीभांडी करणारी, यांना परवडेल असा एनए प्लॉट या शहरात कुणी विकतच नव्हतं. सरकारनं २००१ मधी गुंठेवारी नियमित करायचा कायदा आणला, २०२१ मधी त्याची तारीख वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वसाहती त्यात घेतल्या, ते चांगलंच केलं. पण ते शुल्क रेडीरेकनरशी, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या जमिनीच्या भावाशी, जोडलेलं, वर आर्किटेक्टचा नकाशा, फाइल तयार करणाऱ्याची फी, आणि हे सगळं अशा माणसाकडून मागायचं ज्याच्या घरात महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तेल पुरत नाही. ज्यांचे दोन मजले झालेत, भाडं येतंय, त्यांनी फाइली केल्या. पत्र्यात राहणारे मागंच राहिले. २०२५ मधी शासनानं तुकडेबंदीत सूट द्यायचं ठरवलं तेव्हा आमच्या गल्लीत लोकांना लई आनंद झाला होता, पण त्या सुटीचा फायदा या बॉन्डवाल्या मावशीला रजिस्ट्रीपर्यंत नेणार कोण, मोजणीचे पैसे कोण भरणार, मूळ मालक मेला असेल आणि त्याची पोरं वाटा मागत असतील तर काय, याचं उत्तर अजून तिच्यापर्यंत आलेलं नाही.

आणि हे तर बॉन्डवाल्यांचं झालं. ज्यांच्याकडं बॉन्ड पण नाही, जे शासकीय जागेवर, गायरानावर, रेल्वेच्या कडेला राहतात त्यांचं तर विचारूच नका. जालना घ्या, परभणी घ्या, नांदेड घ्या, सगळीकडं अशा वस्त्या आहेत, आणि त्यात जास्ती करून दलित, भटके, मुसलमान, ऊसतोडीचं काम सोडून शहरात आलेले लोक आहेत, ज्यांच्या बापाच्या नावावर गावात सुद्धा कधी जमीन नव्हती.

साहेब, २५ जून २०१५ ला पंतप्रधान आवास शहरी योजना सुरू झाली, २०२२ पर्यंत सर्वांना घरं म्हणून. आता २०२४ पासून २.० आली. त्यात स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळतात. माझ्या मते गरिबासाठी सगळ्यात कामाचा भाग हाच आहे. व्याजात सूट देणारा भाग आहे, त्यात ३५ लाखापर्यंतचं घर बसतं, पण त्यासाठी आधी बँकेनं कर्ज दिलं पाहिजे आणि बँक पगारपत्रक मागते, नाक्यावर उभं राहणाऱ्याला पगारपत्रक कोण देणार. बिल्डरला सोबत घेऊन फ्लॅट बांधायचा भाग आहे, त्याचं आमच्या शहरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, जागाच वेळेवर मिळाल्या नाहीत, टेंडर वादात गेलं, २०२३ मधी ईडीच्या धाडी पडल्या, आणि अर्ज केलेले हजारो लोक अजून विचारायला येतात की ताई आपलं नाव लागलं का.

झोपडपट्टी पुनर्वसनाचं मुंबईचं मॉडेल इकडं आणायची पण अधूनमधून चर्चा होते. ते मुंबईत कसं चालतं? बिल्डर झोपडीवाल्यांना फुकट घर देतो आणि त्या बदल्यात मिळालेला एफएसआय, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क, बाजारात विकून नफा काढतो. जागेला सोन्याचा भाव असेल तिथंच हे जमतं. परभणीत किंवा हिंगोलीत वरचे फ्लॅट विकून कोणता बिल्डर खालच्या लोकांना फुकट घर देईल? तेवढा भावच नाही इकडं. म्हणून त्या मॉडेलची वाट बघत बसलो तर आमच्या वस्त्या अजून तीस वर्षं तशाच राहतील.

शहराबाहेर दहा बारा किलोमीटरवर इमारती बांधून लोकांना तिकडं न्यायचं हे पण मला पटत नाही. ज्या बाईची चार घरची कामं इथं आहेत ती रोज रिक्षाला किती घालवणार. आणि पाणी? ज्या मराठवाड्यात २०१६ मधी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, जिथं संभाजीनगरच्या जुन्या भागात पण नळाला रोज पाणी येत नाही, तिथं गावाबाहेरच्या चौथ्या मजल्यावर पाणी कोण चढवणार.

आपल्याकडं काय चालतं हे शोधायला लांब जायची पण गरज नाही. सिडको या शहरं वसवणाऱ्या सरकारी महामंडळाला १९७२ मधी औरंगाबादला नवीन वसाहत वसवायचं काम दिलं होतं. त्यात कमी उत्पन्नवाल्यांसाठी छोटी छोटी घरं होती, एक दोन खोल्या, संडास बाथरूम, पण रस्ता, ड्रेनेज, पाण्याची लाइन आणि हातात पक्का कागद. आज सिडकोच्या त्या एन सेक्टरमधी फिरा. त्याच घरांवर लोकांनी वर एक मजला चढवला, कुणी दोन, खाली किराणा दुकान किंवा शिलाई मशीन, वर पोरगा सून, त्याच्यावर भाडेकरू. कुणाला सरकारनं वरचा मजला बांधून दिला नाही, कागद होता म्हणून पतसंस्थेनं कर्ज दिलं आणि उद्या कुणी हाकलणार नाही म्हणून माणसानं पैसा घातला. शेजारच्या इंदूरला आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी अरण्य नावाची वसाहत हाच विचार करून आखली, गरीब कुटुंबाला प्लॉट, जोतं आणि संडास पाण्याची सोय द्यायची आणि पुढचं घर ज्याला जसं जमेल तसं वाढवू द्यायचं. त्या कामाला १९९५ मधी वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागेवर बसवली. कुणाकडं जमीन किती त्याच्यावर घर, भूमिहीनाला २५० स्क्वेअर फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. घरं मजबूत होती, ते देणाऱ्यांचे उपकार कुणी विसरणार नाही. पण सरळ रेषेत आखलेली गावं, शेतापासून लांब, जनावरं बांधायला जागा नाही, भावकी इकडं तिकडं विखुरली, लोकांना ती आपली वाटायला लई वर्षं लागली. त्याच वेळेस दुसऱ्या शेकडो गावात लोकांना हप्त्यानं पैसे आणि इंजिनिअरचा सल्ला देऊन आपापली घरं जागेवरच दुरुस्त करायला लावली. गावातल्या बायका संवाद सहायक झाल्या, घराघरात जाऊन समजावलं, सिमेंटचा हिशोब ठेवला. दीड लाखाच्या वर घरं अशी उभी राहिली. मराठवाड्याच्या बायकांनी हे करून दाखवलेलं आहे साहेब, तीस वर्षांपूर्वी, मोबाइल नसताना.

मग अडलंय कुठं? आपल्याच शासनानं २०१८ मधी निर्णय काढला की शासकीय जागेवरची १ जानेवारी २०११ च्या आधीची राहती अतिक्रमणं सर्वांसाठी घरे या धोरणात नियमानुकूल करायची. नागपुरात झोपडपट्टीवाल्यांना पट्टे वाटप झालं, तिथले लोक आणि संघटना मागं लागल्या म्हणून झालं. आमच्याकडं भूमी अभिलेखवाले म्हणतात पालिकेनं पत्र द्यावं, पालिका म्हणते महसूलनं मोजणी करावी, महसूल म्हणतं जागा आमची नाहीच, आणि फाइल तिघांच्या मधी लटकते. ओडिशानं २०१७ मधी झोपडपट्टीवासीयांना जमिनीचा हक्क द्यायचा कायदाच केला, जागा मिशन नाव दिलं, ड्रोननं वस्त्या मोजल्या, वस्तीतल्याच लोकांना सोबत घेऊन घर न घर तपासलं आणि नवरा बायको दोघांच्या नावानं प्रमाणपत्र दिलं. ते विकता येत नाही, पण वारसाला जातं आणि बँकेत तारण ठेवता येतं. विकता येत नाही हे मला लई महत्त्वाचं वाटतं, कारण पट्टे दिले की लोक विकून पुन्हा झोपडीत जातील असं आपल्याकडचे साहेब लोक दरवेळेस म्हणतात. आणि दोघांच्या नावानं हे तर मी हात जोडून सांगते, दारूच्या पायी घर गेलेल्या बायका माझ्या सेंटरवर रेशनकार्ड वेगळं करायला येतात.

आता कागद असणाऱ्यांचं ऐका, त्यांना पण कमी त्रास नाही. योजनेतलं घर ३० चौरस मीटरचं धरा, म्हणजे साधारण ३२३ स्क्वेअर फूट, आणि मिस्त्री मटेरियलसकट स्क्वेअर फुटाला दीड दोन हजाराच्या खाली बोलत नाही, म्हणजे पाच सहा लाख झाले. मदत २०१५ ला अडीच लाख होती, आज पण अडीच लाखच आहे. सिमेंट, सळई, वाळू कुठल्या कुठं गेली. ती पण हप्त्यानं, पायाचा फोटो, लिंटलचा फोटो, स्लॅबचा फोटो, जीओ टॅगिंग होईल तेव्हा. लोक जुनं घर पाडून बसतात, भाड्यानं खोली घेतात, पाया होतो आणि पुढचा हप्ता येतच नाही, मग फायनान्सवाल्यांकडून बचत गटाच्या नावावर कर्ज. निधी आला नाही हे उत्तर अर्धवट भिंतीत पावसाळा काढणाऱ्याला देता येत नाही साहेब.

भाडेकरूंबद्दल एवढंच म्हणते की आमच्या शहराजवळच्या वाळूजच्या कंपन्यांच्या भागात रांजणगाव, जोगेश्वरीकडं एकदा संध्याकाळी या, दहा बाय दहाच्या खोलीत चार चार पोरं, दहा खोल्यांना एक संडास. २०२० च्या लॉकडाऊनमधी हीच पोरं पायी गावाकडं गेली, तेव्हा केंद्रानं भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली होती. एमआयडीसीकडं जागा आहे, कंपन्यांना कामगार पाहिजेत, तिथं भाड्याच्या घरांचा विचार करायला काही अवघड नाही.

माझी मागणी एका वाक्यात बसत नाही पण सुरुवात एकाच ठिकाणाहून आहे. मराठवाड्याच्या प्रत्येक पालिकेत महसूल, भूमी अभिलेख आणि पालिका या तिघांचं एकच पथक करा, एकाच टेबलावर बसणारं, त्याला तारीख द्या, गरिबाच्या मोजणीचं आणि गुंठेवारीचं शुल्क शासनानं भरा, ६०० स्क्वेअर फुटापर्यंत तरी. २०११ नंतर आलेल्यांसाठी नवीन तारीख ठरवा. वस्तीतल्या शिकलेल्या पोरीबाया पथकात घ्या, कोण खरंच राहतं हे त्यांच्यापेक्षा जास्ती कुणाला माहीत नाही. ज्याला जागेवरून हलवल्याशिवाय इलाजच नाही, नाल्यात आहे, हायटेन्शनखाली आहे, त्याला त्याच वॉर्डात जागा बघा. आणि अडीच लाखाचा आकडा एकदा आजच्या भावानं काढा.

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला सरकार दरवर्षी आमच्या शहरात येतं. येत्या वर्षी भाषणात आठही जिल्ह्यांत किती कुटुंबांच्या हातात पट्टा पडला तो आकडा जिल्ह्यानुसार वाचून दाखवा. आम्ही समोर मैदानात उभ्या असू आणि आमच्या वस्तीचा आकडा आमच्याजवळ लिहून आणलेला असेल.

आपली,
गुंठेवारीत राहणारी एक नागरिक
छत्रपती संभाजीनगर