तोफा नव्हे, तयारी चुकली

महोदय,

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचे सिंगापूर जपान्यांपुढे पडले ते तिथल्या तोफा फक्त समुद्राकडे रोखलेल्या होत्या म्हणून, हे आजही छापून येते. ते खरे नाही. त्यातल्या बहुतेक तोफा जमिनीकडेही वळत होत्या. पण त्यांच्याजवळचा दारूगोळा मुख्यतः जहाजांचे चिलखत भेदणारा होता, पायदळावर तो फारसा चालत नाही. खरी चूक आधीचीच. सिंगापूरच्या उत्तरेकडच्या मलायात ब्रिटिशांचा एकही रणगाडा नव्हता, विमाने थोडी आणि जुनाट. १० डिसेंबर १९४१ रोजी ब्रिटिशांच्या दोन मोठ्या युद्धनौका बुडाल्यावर सिंगापूरच्या आरमारी तळाला आरमारच उरले नाही. सिंगापूरच्या उत्तर किनाऱ्यावर तटबंदी करा, असे मुख्य अभियंता ब्रिगेडियर सिम्सन विनवत होते. त्याने लोकांचे मनोधैर्य खचेल, असे सांगून ब्रिटिश सेनापती जनरल पर्सिव्हल यांनी नकार दिला! शिवाय हल्ला ईशान्येकडून येईल हा त्यांचा अंदाज. जपानी उतरले वायव्येला. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी शरणागती झाली. तेव्हा जपान्यांपेक्षा बचावाचे सैन्य कितीतरी जास्त होते.

मला सलते ते पुढचे. हजारो भारतीय सैनिक युद्धकैदी झाले, अनेक परतलेच नाहीत. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना चार ओळी तरी मिळाव्यात.

– एक वाचक, सातारा