शिट्टी म्हणालीस म्हणून

म्हार्दोळ, गोवा
फेब्रुवारीअखेर

प्रिय नीता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू हसलीस ते मला लागलं बरं का. "रेकॉर्डरचा आंतरराष्ट्रीय महोत्सव? शाळेत मुलं फुंकतात त्या प्लास्टिकच्या शिट्टीचा?" असं म्हणून जी सुटलीस, ती तुझ्या कुकरची खरी शिट्टी झाली तेव्हाच थांबलीस. भांडायची वेळ आली की फोनवर मला शब्द सुचत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. एका सतरंजीवर बसून आपण दोघी बासरी शिकलो, त्या हक्काने हे लांबलचक पत्र लिहिते आहे. सगळं वाच, मग हवं तेवढं हस.

रेकॉर्डर म्हणजे तोंडाशी उभा धरून फुंकायचं, बासरीसारखं युरोपीय वाद्य. आधी महोत्सवाचं. अ‍ॅमस्टरडॅमला 'ओपन रेकॉर्डर डेज' नावाचा महोत्सव भरतो. जगभरातून वादक येतात, तरुणांची स्पर्धा होते, मैफली असतात, मोठे वादक शिकवतात, आणि वाद्यं बनवणारे आपापला माल मांडून बसतात. मी तिथे गेलेले नाही, चित्रणंच पाहिली. पण माणसाहून उंच काँट्राबास रेकॉर्डरपासून तळहातात मावणाऱ्या गार्क्लाइनपर्यंत सगळं घराणं एका मंचावर पाहिलं आणि तुझी 'शिट्टी' मला फारच तोकडी वाटली. इंग्लंडात १९३७ साली स्थापन झालेली 'सोसायटी ऑफ रेकॉर्डर प्लेयर्स' आहे. तिच्या वार्षिक मेळाव्यात तर हौशी लोकच एकत्र बसून वाजवतात. अमेरिकेतली संस्था १९३९ची, ती मार्च महिना रेकॉर्डरचा म्हणून साजरा करते. त्याच मार्चचं निमित्त धरून आमची रेकॉर्डर वाजवणारी मंडळी पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर एका जुन्या घरात जमतात. त्याविषयी पुढे लिहिते.

आता तुझा खरा आक्षेप. तू म्हणालीस, "त्याला आवाज कुठे आहे? आणि लहानमोठा तरी करता येतो का?" नीता, बासरीवालीने नेमकं वर्मावर बोट ठेवलंस. बासरीत आपण ओठांनी फुंकेची दिशा बदलतो, कोन बदलतो, आणि आवाज चढवताना सूर तिथेच धरून ठेवतो. रेकॉर्डरच्या तोंडात लाकडाचा गुटका बसवलेला असतो. तो बहुधा सीडरचा, कारण त्या लाकडाला ओलावा सोसतो. गुटक्याच्या वरून हवेची अरुंद वाट कोरलेली असते, ती हवा थेट पुढच्या धारेवर नेऊन आपटवते. जत्रेत मिळणाऱ्या अलगुजाची रचना हीच. ओठांना काही कामच नाही. जोरात फुंकलंस की सूर चढतो, हळू फुंकलंस की उतरतो. म्हणजे एका स्वराला एकच योग्य फुंक. वरच्या सप्तकात जायचं तेही ओठांनी नाही, मागच्या भोकावरचा डावा अंगठा किंचित सरकवून, नखाएवढी फट ठेवून. त्या अंगठ्याचं नख वाढलं की सगळं बिघडतं.

मग रंग भरायचा कशाने? जिभेने. व्हेनिसच्या सिल्व्हेस्त्रो गानास्सीने १५३५ साली रेकॉर्डरवर पुस्तक छापलं. त्यात जिभेच्या आघातांची अक्षरंच दिली आहेत: 'ते-के', 'ते-रे', 'ले-रे'. कठोर, मधला, मऊ. मी वाचलं आणि मला आपले तबल्याचे बोल आठवले. तो पुढे सांगतो की वाद्याने माणसाच्या गळ्याची नक्कल करावी. आपल्याकडे 'गायकी अंग' म्हणतात त्याहून हे काय वेगळं?

हे वाद्य मागे का पडलं याचं उत्तरही त्या बंद वाटेतच आहे. एके काळी त्याचा काय दिमाख होता! इंग्लंडचा आठवा हेन्री वारला तेव्हा, १५४७ साली, त्याच्या संपत्तीची यादी केली, तर त्यात शहात्तर रेकॉर्डर निघाले. जर्मन संगीतकार बाखने १७२१ साली अर्पण केलेल्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो या वाद्यवृंदाच्या रचनांपैकी दुसऱ्या आणि चौथ्यात रेकॉर्डर आहेत. दुसऱ्यात तर तो चक्क ट्रम्पेटच्या शेजारी उभा! पण पुढे सभागृहं मोठी झाली, वाद्यवृंद मोठे झाले, आणि आवाज चढवता-उतरवता येणारी आडवी फ्लूट पुढे आली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रेकॉर्डर बाजूला पडला तो जवळजवळ दीडशे वर्षं.

तो परत आला त्याची गोष्ट तुला आवडेल. आर्नल्ड डोल्मेच नावाचा एक विक्षिप्त माणूस इंग्लंडात जुनी वाद्यं दुरुस्त करून वाजवायचा. त्याच्याकडे ब्रेसाँ या कारागिराने बनवलेला जुना रेकॉर्डर होता. १९१९ साली त्याचा लहान मुलगा कार्ल तो रेकॉर्डर ठेवलेली पिशवी लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर विसरला. पोराला किती बोलणी बसली असतील कोण जाणे. पण बापाने स्वतःच नवा रेकॉर्डर घडवायला घेतला, आणि त्यातून कारखाना उभा राहिला. १९२५ साली हॅझलमिअर गावात त्याने जुन्या संगीताचा महोत्सव सुरू केला. तिथे लहानमोठे रेकॉर्डर संचाने वाजू लागले. तो विसरभोळा कार्ल पुढे मोठा रेकॉर्डरवादक झाला, आणि आधी सांगितलेल्या १९३७च्या संस्थेच्या संस्थापकांतही तो आहे.

नंतरच्या काळातला माझा लाडका म्हणजे डच वादक फ्रान्स ब्रुगेन. त्याच्यासाठी इटलीचा संगीतकार बेरिओ याने १९६६ साली 'जेस्ती' ही रचना केली. तिच्या सुरुवातीला वादकाची बोटं आणि तोंड एकमेकांशी फारकत घेतात. बोटांचं एक चाललेलं, फुंकेचं दुसरंच. ऐकताना मला आपलं शिकण्याचं पहिलं वर्ष आठवलं. आपण हे फुकटात करत होतो, आपल्याला कुणी वाखाणलं नाही एवढंच.

आता आल्तिनोवरची मंडळी. घरमालकीण चर्चच्या क्वायरमध्ये वाढलेली. तिच्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात, उंच छत, जांभ्या दगडाच्या जाड भिंती. अशा खोलीत रेकॉर्डर काय बोलतो! जुन्या गोव्यातल्या टेकडीवरच्या मॉन्तच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, संगीत महोत्सव भरतो, तिथल्यासारखाच इथेही माईक लागत नाही. आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात चौघांचं भजन असलं तरी दोन कर्णे बांधतात. भजनाबद्दल माझं काही म्हणणं नाही, कर्ण्यांबद्दल आहे. त्यांनी आपल्या कानांची सवय पार बिघडवली.

जमतात त्यातले निम्मे कॅथलिक. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या सोल्फेज, म्हणजे स्वरांची नावं घेत कागदावरून गाणं, शिकवलं गेलं, मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याच्या वादकांनी नाव काढलं ते याच शिदोरीवर. ही मंडळी कागद पुढे ठेवला की वाचून वाजवतात. मी स्टाफच्या, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेघांच्या, खाली पेन्सिलीने सा रे ग लिहीत बसते. पण एका बाबतीत मी त्यांना चकित केलं. रेकॉर्डरचे नेहमीचे आकार लहानापासून मोठ्यापर्यंत सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. त्यांतल्या सोप्रानो आणि टेनरचा मूळ स्वर 'सी', आल्टो आणि बासचा 'एफ'. बोटं तीच ठेवली तर वेगळा स्वर निघतो. नोटेशनवाल्यांना आल्टो हातात आला की बोटांची मांडणी नव्याने घोकावी लागते. मला काहीच वाटलं नाही. आपण पट्टी बदलून बासरी घेतोच की. सा हलला तर हलला! फक्त सवय एवढी करावी लागते की सगळी भोकं बंद केल्यावर बासरीत मंद्र पंचम येतो, इथे वाद्याचा मूळ स्वर.

मार्चचा उकाडा आणि तरी पंखा बंद. का ते ऐक. हवा त्या धारेवरून कापली जाऊन आवाज होतो ना, मग पंख्याचा झोत खिडकीसारख्या त्या खाचेवर आला की सूर फाटतो. त्यामुळे सगळे घामाने निथळत वाजवतात. युरोपात म्हणे वाजवण्याआधी वाद्याचं डोकं काखेत धरून गरम करतात, नाहीतर वाफ आत साठून वाट बुजते. आपल्याकडे ती कटकट नाही, दुसरीच आहे. उष्णतेने सूर चढतो, दर अंशाला सुमारे तीन सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचे तीन शतांश. दहा अंशांचा फरक पडला तर अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. वातानुकूलित खोलीत हार्मोनियमशी जुळवलेला रेकॉर्डर बाहेर बल्कांवात, म्हणजे ओसरीवर, आणला की हार्मोनियम बिचारी खाली राहते. आमच्यात लाकडी आल्टो एकच. पावसाळ्यात त्याला बुरशी धरू नये म्हणून मालक लेकराहून जास्त जपतो. बाकी सगळे प्लास्टिकचे, आणि खरं सांगू, चांगलं प्लास्टिक वाईट लाकडापेक्षा केव्हाही बरं.

पहिल्या बैठकीत आम्ही जुन्या चौपदरी रचना वाजवल्या. छान झालं, पण अंगावर काटा आला तो मांडोच्या वेळी. मांडो हे आमच्याकडचं कोंकणी गाणं मुळातच दोन आवाजांत, एकमेकांपासून तिसऱ्या सुरावर चालणारं. दोन टेनर, खाली बास, आणि ती संथ, हुरहुर लावणारी लय. एकाने घुमट, म्हणजे मडक्याच्या तोंडावर चामडं ताणलेलं तालवाद्य, आणलं होतं. पहिल्याच थापेत आमचे सगळे रेकॉर्डर बुडाले. मग त्याने नुसत्या बोटांच्या टोकांनी वाजवलं. घुमटवाल्याला आवाज आवरायला लावणारी ही पहिलीच मैफल असेल! मी एकटीने भैरवीतला अभंगही वाजवून पाहिला. कोमल रिषभाचं आंदोलन भोकावर बोटाची सावली धरून जेमतेम निघतं. मींड मात्र अर्धीमुर्धीच. तिथे आपली बासरीच हवी, हे मी मान्य करते.

पण नीता, त्या खोलीत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. रेकॉर्डरच्या संचात कुणालाच दुसऱ्यावर चढता येत नाही. जोर केला की आपलाच सूर सुटतो आणि सगळ्यांना कळतं. सोबत वाजवायचं असेल तर ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. आपण दोघींनी इतक्या जुगलबंद्या ऐकल्या, त्यात किती वेळा एकाने दुसऱ्याला झाकलं ते आठव. मोठ्या सभागृहासाठी जी खोट ठरली, तीच मला आल्तिनोवर या वाद्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटली. महोत्सवांना लोक देशोदेशीहून का जातात तेही तेव्हा उमगलं. एकट्याने घरी बसून हे वाद्य निम्मंच कळतं.

आणि शाळेतली शिट्टी? अगं, एका वर्गातली चाळीस मुलं, भोकं अर्धवट उघडी, आणि प्रत्येक जण छाती फुटेस्तोवर फुंकतो आहे. अशाने कुठलं वाद्य गोड वाजेल? त्यात पुष्कळदा जर्मन बोटंपद्धतीचे रेकॉर्डर दिलेले. १९२०च्या दशकात जर्मनीत मुलांना सोपं जावं म्हणून ही पद्धत काढली. एक स्वर सोपा झाला, पण पुढचे काही स्वर धड लागेनात. दोष पद्धतीचा, नाव खराब झालं रेकॉर्डरचं.

तेव्हा पुण्यात दुकानात गेलीस तर जर्मन नव्हे, बरोक बोटंपद्धतीचा आल्टो माग, सोप्रानो नको. सोप्रानो तुझ्या बोटांना आखूड पडेल आणि तुझ्या शेजाऱ्यांना तीक्ष्ण. पूर्ण लाकडी तर मुळीच घेऊ नकोस, आपल्या दोघींच्या पेन्शनला तो परवडणारा नाही. पहिले आठ दिवस नुसते लांब स्वर काढ, एकदम हळू. तुझी बासरीची छातीभर फुंक इथे चालणार नाही, आणि ती आवरायला तुला सगळ्यात जड जाईल असा माझा होरा आहे.

मार्चच्या तिसऱ्या रविवारी आम्ही जमणार आहोत. गोवा एक्सप्रेसने मडगावला उतर, मी घ्यायला येते. दुसरा आल्टो वाजवायला कुणी नाही, तो भाग तुझ्यासाठी राखून ठेवायला सांगितलं आहे. त्याचा कागद सोबत जोडते, खाली सा रे ग मी लिहिलेलं आहेच. दुसऱ्या ओळीतला तीव्र मध्यम नीट बघ, तिथे सगळेच घसरतात.

वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
शुभदा

ता. क. बासरीही घेऊन ये. घुमटवाला विचारत होता, मोठ्याने वाजणारं काही आहे का म्हणून.