मेंदूतील लहान गाठी आणि दूरचे रुग्ण
गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतील मेंदूच्या गाठीचे रुग्ण ‘पेट’ तपासणीसाठी (शरीरात सोडलेले किरणोत्सारी द्रव्य कुठे साठते हे दाखवणाऱ्या स्कॅनसाठी) नागपूर गाठतात. परंतु निरोगी मेंदूच मुळात भरपूर ग्लुकोज वापरत असल्याने ग्लुकोजवर आधारित पेटमध्ये लहान गाठ पुष्कळदा झाकली जाते, हे त्यांना आधी समजावून सांगायला हवे. अमिनो आम्लाधारित पेटमध्ये ती अधिक ठळक दिसते. मात्र त्यासाठी अनेकदा वापरल्या जाणाऱ्या कार्बन-११ या किरणोत्सारी कार्बनची किरणोत्सारिता सुमारे २० मिनिटांत निम्मी होत असल्याने तो तपासणीच्या जागीच तयार करावा लागतो. गाठीतील रक्तप्रवाह दाखवणारी परफ्युजन तपासणी एमआरआयच्या त्याच वेळी होऊ शकते, आणि किरणोपचारानंतर गाठ पुन्हा वाढली की केवळ ऊती मृत झाल्या, हे ओळखण्यास तिची मोठी मदत होते. धान विकून गाडी करणाऱ्या कुटुंबाला दुसरी फेरी पडू नये, म्हणून शासकीय रुग्णालयांनी ही परफ्युजन तपासणी शक्य तेथे पहिल्याच एमआरआयच्या वेळी करावी, ही कळकळीची विनंती.
– एक वाचक, आरमोरी (जि. गडचिरोली)