धडक देऊन वाहन पळाले, तरीही भरपाई मिळते

महामार्गावर दुचाकीस्वाराला उडवून वाहन पसार झाले, क्रमांक कोणी पाहिला नाही, की घरचे बहुधा नशिबाला दोष देऊन गप्प बसतात. गाडीच सापडली नाही तर दावा करायचा कुणावर? कायद्यात याचे उत्तर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 161 नुसार अशा अपघातात मृत्यू झाल्यास 2 लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास 50 हजार रुपये मिळतात. 1 एप्रिल 2022 पूर्वी हेच आकडे 25 हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज तालुक्याच्या किंवा उपविभागाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा. पुढे जिल्हाधिकारी मंजुरी देतात. मोठा खटला लढवावा लागत नाही. (नंतर वाहन सापडून न्यायाधिकरणाकडून भरपाई मिळाली, तर ही रक्कम त्यातून वळती होते.)

महिनाभरात वाहनाचा तपशील मिळाला नाही, तर पोलिसांनी जखमीला किंवा मृताच्या वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये दिला आहे. असे पत्र किती घरांत पोहोचले? पोलीस अधीक्षकांनी पोलीस ठाणेनिहाय आकडे जाहीर करावेत आणि अर्जाचा नमुना प्रत्येक ठाण्यात व सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात मराठीत लावावा. पन्नास हजारांत हाडाची एक शस्त्रक्रियाही धड होत नाही, हे खरे. पण तेवढेही लोकांना मागावेसे वाटत नाही, कारण कुणी सांगतच नाही.

– एक वाचक, कराड