पूल होऊ दे, पण दाभोळची फेरीबोट बंद करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेवस-रेडी सागरी महामार्गावरच्या नियोजित खाडीपुलांच्या बातम्या आपल्या दैनिकात वाचते. दाभोळ खाडीवर पूल व्हायलाच हवा. पण पूल झाला की दाभोळ-धोपावे फेरीबोटीचे काम संपले, असे जो तो धरून चालला आहे. म्हणून हे पत्र.

माझे माहेर दाभोळ, सासर गुहागर तालुक्यात. मध्ये फक्त वाशिष्ठी नदीचे मुख, म्हणजेच दाभोळ खाडी; पलीकडच्या काठावर धोपावे. पण गाडी न्यायची तर पार चिपळूण फिरून यायचे. लाँच होती, ती माणसांपुरती. ओहोटीला चढता-उतरताना साडी भिजायची, बाळंतिणीला तर दोघींनी धरून उतरवावे लागे. 2003 मध्ये जंगलजेटी, म्हणजे गाड्याही नेणारी ही फेरीबोट, सुरू झाली आणि माहेर खरोखर जवळ आले. नंतर वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, तवसाळ-जयगड इथेही अशाच बोटी आल्या.

या बोटीची घडणच आमच्या खाडीला साजेशी आहे. बूड सपाट, त्यामुळे उथळ पाण्यातही ती काठापर्यंत येते. पुढची लोखंडी फळी साखळ्यांवर खाली येते आणि थेट सिमेंटच्या उतारावर टेकते. भरती असो की ओहोटी, पाणी उतारावर जिथे असेल तिथे बोट लागते. खलाशी जड टेम्पो मधोमध घेतात, बोट एका अंगाला कलू नये म्हणून. मग मोटारी, आणि उरल्या फटींत दुचाकी. शेवाळावर चाक घसरू लागले की खलाशांची आरडाओरड ऐकावी! एवढ्या वर्दळीत पाटी घेतलेल्या कोळणीला मात्र आधी वाट देतात.

काळजी तिचीच आहे. पुलावरून जायला गाडी लागते. बंदरावर उतरून पायी बाजार गाठणाऱ्या बाईने, कॉलेजच्या पोरांनी पुलाच्या तोंडाशी कसे पोचायचे? वाहनांचे भाडे मिळते म्हणून पायी माणसाला बोट परवडते. वाहने पुलावर गेली की कोणताही मालक तोट्यात बोट चालवणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही. गोव्यात सरकारी फेरीबोटीत पायी प्रवाशाला भाडे पडत नाही. तसे इथे सरकारने करावे. निदान एक लहान बोट सकाळ-संध्याकाळ ठेवावी, आणि तिच्या खर्चाची तरतूद पुलाच्या आराखड्यातच आताच व्हावी. पूल झाल्यावर आमचे कोण ऐकणार?

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. गुहागर, जि. रत्नागिरी