टी-शर्ट एलपीच्या कव्हरात

संपादक साहेब, स. न.

पुरवणीत जुन्या एलपींबद्दल, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या तबकड्यांबद्दल, वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी कॅलिफोर्नियात पॅकेजिंग डिझाइन करतो, इथे समुद्रकिनारे साफ करणाऱ्या एका संस्थेसाठी सर्फिंगचे (फळीवर उभं राहून लाटांवर स्वार होण्याचा खेळ) टी-शर्ट विकायचे होते, पैसे सगळे संस्थेलाच. साठच्या दशकात इथेच ते गिटारवालं सर्फ म्युझिक जन्मलं, मग म्हटलं टी-शर्ट एलपीच्या कव्हरातच घालू ना! बारा इंची तबकडीचं कव्हर म्हणजे साधारण सव्वाबारा इंच चौरस, टी-शर्टची घडी बरोब्बर बसते, आत एक पुठ्ठा सरकवला की कडक. मधे गोल खिडकी, त्यातून छातीवरचं चित्र दिसतं. मागे गाण्यांच्या यादीसारख्या धुण्याच्या सूचना, तबकडीच्या दोन बाजूंसारख्या, साइड ए थंड पाणी, साइड बी इस्त्री उलट्या बाजूने (ही आयडिया बायकोची, श्रेय दिलं नाही तर जेवण मिळायचं नाही).

घोळ एकच झाला. प्रेसवाल्याने चकाकी हवी म्हणून वर प्लास्टिकचं लॅमिनेशन मारून सँपल पाठवलं. अहो, किनाऱ्यावरचं प्लास्टिक उचलायला पैसे गोळा करायचे आणि पाकिटावर परत प्लास्टिकच? शिवाय असा कागद रिसायकल करायला त्रास. शेवटी साधा खरखरीत पुठ्ठा, दोनच रंग, केशरी आणि चॉकलेटी, आणि खरं सांगू, जुन्या छपाईसारखं तेच जास्त दिसतं.

आपल्याकडे कोकणात किनारा सफाई करणारी मंडळी टी-शर्ट काढतात, त्यांनी जुन्या कॅसेटच्या कव्हरांवरून काही करून बघावं, डिझाइन मी फुकट देईन.

— एक वाचक, सॅन डिएगो